हुबेहूब घर

आमच्या डोंबिवलीत चित्राला द्यायची दाद एकच होती: अगदी फोटो वाटतो. फोटोला मात्र म्हणत, अगदी चित्र वाटतं. शाळेच्या सभागृहात रांगोळ्यांचं प्रदर्शन भरलं की रांगोळीतल्या म्हातारीच्या सुरकुत्या न्याहाळायला माणसं वाकत, आणि त्यांच्याच श्वासानं एखादी सुरकुती उडून जाई.

चित्रकला शिकलेल्या माझ्या ताईला या दादेचा वीट आला होता. पोट मात्र ही दाद देणाऱ्यांवरच होतं. नव्वदीच्या अखेरीस ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका बिल्डरनं तिला बोलावलं. मोहने गावाजवळ, नदीकाठी त्याची इमारत उठायची होती, आणि त्याआधीच गिऱ्हाइकानं डोक्यावर, डोळ्यांपुढे पडदा येणारा, संगणकाचा टोप चढवून त्या न बांधलेल्या घरात हिंडावं, असा त्याचा संकल्प होता. काम पसंत पडलं तर ताईला कचेरीत कायमची जागा. नाही तर पुन्हा शिकवण्या.

त्याला सगळं हुबेहूब हवं होतं. ताईनं संगमरवराचे, सागवानाचे फोटो जमिनीवर, दारांवर चिकटवले. अंगणात कारंजं बसवलं. बिचारा संगणक त्या वैभवाखाली चेपला. आपण मान वळवावी आणि भिंत मागाहून, उपकार केल्यासारखी यावी. टोपात रबराचा आणि कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास. स्वयंपाकघर येईतो माझं जेवण गळ्याशी आलं. बिल्डरची आई तर दिवाणखान्यातच घेरी येऊन खुर्चीत बसली. तो म्हणाला, मार्बल मस्त आलंय.

मग ताईनं आपल्या मनानं दुसरं घर काढलं. सपाट रंग, भिंतींना काळी कड, उंबरठ्याची एक जाड रेघ, खिडकीत नदी म्हणून निळी पट्टी. मान वळली की घरही वळे. बिल्डरचं तोंड कडू झालं.

"मॅडम, हे काय बालवाडीचं केलंत? टाइल्स कुठे दिसतायत?"

ताईनं टोप त्याच्या आईच्या डोक्यावर ठेवला. बाई सावकाश चालू लागल्या, त्या जाड रेघेपाशी थबकल्या, आणि एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढून दोन्ही चपला नसलेल्या भिंतीकडे सारल्या. संगमरवरावर त्या चपलांसकट फिरल्या होत्या. आता कचेरीच्या गार लादीवर अनवाणी उभ्या राहून त्यांनी टोपाच्या आतून विचारलं,

"अरे, देव कुठे मांडायचे रे?"

ताईला जागा मिळाली. घरांच्या प्रदर्शनात आमच्या गाळ्यापुढे चपलांचा ढीग साचे, आणि बिल्डर तो अभिमानानं दाखवी.

इमारत उभी राहिली. संगमरवर नाही, कारंजं नाही. सपाट रंगाच्या भिंती, त्यांना ओलीची काळी कड. गिऱ्हाइकं भांडायला आली तेव्हा बिल्डरनं टोप पुढे केला.

"बघा ना घालून. दाखवलं तसंच दिलंय."

त्यांना पाण्याचे पेले देत, आपल्या कायमच्या जागेवर, ताई उभी होती. हुबेहूब काढल्याची दाद तिला एवढी एकदाच मिळाली.