तुच्छमास्तर आणि मृगातला ढग

आमचे तुच्छमास्तर कुणालाच माणसात धरत नसत. कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे प्रयोग घेत. प्राचार्य तुच्छ, पाठ्यपुस्तक तुच्छ, नागपूरची हवा तर अतितुच्छ. म्हणून हे नाव. मला ते मुळीच आवडत नसत, आणि आता ते नाहीत म्हणून मी खोटं गोड लिहिणार नाही.

त्यांचा जीव फक्त एका पितळी दुर्बिणीत होता. कामठीच्या छावणीतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परतताना त्याच्याकडून त्यांनी ती घेतली होती. थंडीत, दिवेलागण झाली की ते महालातल्या आपल्या गच्चीवर आम्हाला मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दाखवत. एकदा शेजारचे लाकडाचे व्यापारी डोळा लावून म्हणाले, "मले तं नुसता धूर दिसून राहिला, मास्तर."

"तो तुमच्या डोक्यातला," म्हणत मास्तरांनी त्यांना जिन्याकडे वळवलं.

वर्गात मी एकटी मुलगी. घर उमरेडचं, घरात हातमाग. माझ्या तोंडून 'मले-तुले' निसटलं की मास्तर नक्कल करून वर्गाला हसवत. एका संध्याकाळी गच्चीवर ते सांगत होते, "या ढगाला स्वतःचा उजेड नाही. त्याच्या पोटातले तीन अतितप्त तारे त्याला उजळतात."

मी दुर्बिणीतून पाहिलं. "सर, चार आहेत."

"तीन. मागावरच्यांनी धागे मोजावेत."

धागे मोजूनच माझी नजर तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि सगळ्यांसमोर त्या ताऱ्यांचं चित्र त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी ते नाकाजवळ नेलं, आणखी जवळ नेलं, मग खिडकीकडे वळले. पुस्तक उलटं धरलेलं होतं.

"सरांना दिसतच नाही!" मी ओरडले. ओरडताना फार बरं वाटलं.

बोलणं प्राचार्यांच्या कानावर गेलं. डोळे तपासले गेले, उपाय नव्हता. महिनाभरात मास्तरांची नोकरी गेली.

ते चांद्याला भावाकडे निघाले, त्या दिवशी मी मोटार स्टँडवर गेले. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तो आंबट चेहरा पाहून ते राहूनच गेलं. मी नुसतं "सर" म्हणाले.

"कोण, मले-तुले?" त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "त्या ढगाचा रंग कसा दिसला तुला?"

"फिका हिरवा, सर."

"हिरवा?" ते म्हणाले. "मला वीस वर्षं नुसता राखेसारखा दिसला."

आता खोटारडी म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली.

"अजून सांग," ते म्हणाले.

मी सांगू लागले. कडा कुठे विरते, मधे काळी खोबण कुठे आहे, डोळा जरा बाजूला नेला की पसारा कसा वाढतो. मोटार सुटली, तेव्हा निम्मंही सांगून झालं नव्हतं. मास्तर खिडकीतून हात काढून ड्रायव्हरला "थांब, थांब" म्हणून ओरडत होते.