ओठ आधी, आवाज मागनं

लग्नानंतर चांगली दोन वर्षं मी समजत होते की नवरा माझ्या ओठांवर भाळलाय. मी बोलायला लागले की हा माणूस हातातला घास हातात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. ओठ लाल दिसावेत म्हणून मी जेवणानंतर विडा कोंबायची आणि तशीच बोलायची. मग तो आणखी निरखून बघायचा, मी आणखी फुलायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आगं, आधी थुकून ये. त्याला कळंना झालंय तू काय बोलतीस ते."

नवरा इचलकरंजीत मागावर कामाला होता. शेडमध्ये एवढा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ओठ बघून आणि बोटांच्या खुणांनीच समजून घ्यायचं. त्याचे कान तेव्हाच निम्मे गेले होते. विडा चघळत लाडात बोलणारी ती बया आठवली की आजही मला तिची शिसारी येते.

आता आम्ही दोघं कोल्हापुरात असतो. संध्याकाळी एक सिनेमा, हीच त्याची चैन. निम्मं कानानं, निम्मं ओठांवरनं, असं जुळवून तो बघतो. गेल्या वर्षी पुण्याहून मुलानं पाच स्पीकर, एक धडधडणारा खोका आणि त्या सगळ्यांना आवाज वाटून देणारा एक काळा डबा आणला. ते सगळं कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाला, "आता बाबांना चारी बाजूंनी ऐकू येईल."

मुलगा परत गेला आणि आम्ही सिनेमा लावला. दहा मिनिटांत नवरा म्हणाला, "आवाज मागनं येतोय."

मी काय बोलले ते लिहायचीही लाज वाटते. म्हटलं, "तुम्हाला ऐकू येतंय कुठं? पुढनं आला काय आणि मागनं आला काय!"

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सिनेमाला आत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटीच त्या पाच स्पीकरांच्या मधोमध, चौकात हरवलेल्या म्हशीसारखी. चौथ्या दिवशी मी जरा नीट बघितलं. नटीचे ओठ मिटायचे आणि मग तिचा हुंदका यायचा. नायक आधी शब्द चघळायचा आणि नंतर पिंक टाकल्यासारखे बाहेर टाकायचा. एकदा दिसलं ते दिसलंच. मला एवढा त्रास, तर ज्याला निम्मं ओठांवरनंच कळतं, त्याच्या हातात काय राहिलं? ओठ एक सांगतात, कान दुसरंच.

मग मी रिमोट हातात घेतला. डब्यात 'ऑडिओ डिले' असं काहीतरी सापडलं. वाटलं, हाच तो उशीर, वाढवत नेला की पळून जाईल. वाढवला. आता दार आपटल्याचा आवाज यायचा तेव्हा माणूस जिना उतरून गेलेला असायचा! त्या डब्याला आवाज फक्त मागं ओढता येतो, पुढं ढकलता येत नाही, हे मला कुणी सांगावं? परत शून्यावर आणला आणि मुलाला फोन लावला.

"आई, सिनेमात आवाज बांधूनच येतो. आपला कॉम्प्युटर तो सोडतो, परत बांधतो आणि मग डब्याला देतो. त्यात वेळ जातो."

"म्हणजे बांधलेली शिदोरी वाटेतच सोडायची आणि परत बांधायची? कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"आई, शिव्या नंतर दे. सिनेमाच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये जा. आवाज न सोडता तसाच पाठव, असा पर्याय असेल. तो लाव."

लावला. पुष्कळ सुधारलं, पण केसभर राहिलंच. त्यासाठी, मुलगा म्हणाला, प्लेअरमध्येच उणे आकडा घालायचा, म्हणजे आवाज थोडा आधी निघतो. पण कितीनं? ते माझ्या डोळ्यांना कळेना. हे कळणारा माणूस अख्ख्या घरात एकच होता आणि तो पायरीवर बसला होता.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंडात विडा नव्हता. सावकाश म्हटलं, "चुकले मी. आवाज मागनंच येत होता. चला, जुळवून द्या."

तो आत आला. मी बटण दाबायची, तो पडद्यावरच्या ओठांवर नजर लावून बोटानं खुणवायचा: अजून, अजून, जास्त झालं, एक मागं. मग त्यानं पंजा आडवा धरला. शेडमधली खूण. माग लागला, चालू दे.

मला हसू फुटलं. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते पडद्यासमोर उभी राहून सांगून टाकलं, की मला वाटायचं तुम्ही माझ्या ओठांवर भाळलाय, म्हणून मी विडे खायची. ऐकू येत नाही म्हणून बघत होता, हे कळलं तेव्हा जीव द्यावासा वाटला होता.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू गप बसायचीस तवाबी बघतच हुतो की. आता सरक, पडदा दिसंना झालाय."