नवशिक्यांसाठी, मधल्यांसाठी आणि कुंदाकाकूसाठी

कुंदाकाकूला दुपारी झटके येतात, ही बातमी अमरावतीच्या आमच्या गल्लीत शेजारच्या माणिकबाईंनी पसरवली. त्यांनी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई सतरंजीवर उताणी, पाय वर, दोन्ही हात पकडलेल्या कोंबडीच्या पंखांसारखे फडफडताहेत, तोंडातून सूं सूं. संध्याकाळपर्यंत बातमी अकोल्याला काकूच्या बहिणीकडे पोचली. तिनं फोन लावला तोच रडत.

"झटके नाही वो बाई, पिलाटिस आहे," काकू म्हणाली.

बहीण आणखी जोरात रडली. तिला वाटलं, रोगाचं नाव सापडलं.

खरी गोष्ट रोडग्यांपासून सुरू होते. दर पौषात एका रविवारी गोपाळकृष्णकाकांचे, म्हणजे काकूच्या वकील नवऱ्याचे, जुने पक्षकार किसनराव यांच्या अकोटजवळच्या शेतात रोडगे असतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची भाजी, आणि पंगत खाली जमिनीवर. मागच्या वर्षी काकू बसायला वाकली, गुडघा कट्‌कन वाजला, आणि कोणीतरी तत्परतेनं लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. शेजारच्या खुर्चीवर किसनरावांची आई पार्बताबाई, वय पंच्याऐंशी. "ये वो, आपल्या रांगेत," ती प्रेमानं म्हणाली.

काकू एकसष्टची. पार्बताबाईची रांग तिला झोंबली, पण त्याहून झोंबली ती वाढपाची तऱ्हा. पंगतीत वाढणारे हात जोडून, शपथा घालून तूप ओततात. खुर्चीवाल्यांना मात्र "पचंल ना आजी?" असं विचारून पुढे जातात. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला कोणी आग्रह करू नये, हे काकूच्या जिवाला लागलं. पुढच्या पौषात पंगतीत बसायचं आणि कोणाला न धरता उठायचं, असं तिनं ठरवलं.

आता काकूचा स्वभाव असा, की ती शाळेतसुद्धा तीन गाइडं समोर ठेवल्याशिवाय एक गणित शिकवायची नाही. पिलाटिस नावाच्या व्यायामाचे व्हिडिओ तिनं फोनवर शोधले, फोन पोह्यांच्या डब्याला टेकला आणि तुलना सुरू झाली.

नवशिक्यांसाठी पुण्याच्या बाई होत्या. "आपण आता अलगद पाठीवर आहोत. घाई करायची नाहीये हं."

"घाई कोण करून राहिलं," काकू सोफ्यावरून म्हणाली. "तुमी खाली गेल्या कशा, ते सांगा ना आधी."

मधल्यांसाठी दिल्लीची एक मुलगी होती. "बस दस और, मुस्कुराइए." काकूनं मुस्कुरायचा प्रयत्न केला, तेव्हाच माणिकबाई खिडकीशी आल्या असाव्यात. पोचलेल्यांसाठी कुठली तरी परदेशी बाई. ती पाय डोक्यामागं नेऊन दर श्वासाला "ब्यूटिफुल" म्हणायची.

"एकदम वरच्या वर्गात?" काकांनी पेपरातून मान काढली. "अन् आपल्या वयाच्या माणसाले खुर्ची शोभते, कुंदे."

"तुमाले शोभते. तुमी वकील, खुर्चीवरच कमावलं."

तीन आठवडे पाहून काकूला एक भानगड सापडली. पुण्याच्या बाई सुरुवातीलाच झोपलेल्या असत आणि शेवटी तशाच नमस्कार करत. दिल्लीवालीच्या शेवटाला सूर्यास्त यायचा. जमिनीवरून उठायचं कसं, हे नवशिक्यांना कोणीच दाखवत नव्हतं. परदेशी बाईकडे मात्र कॅमेरा बंद करायला माणूस नव्हता. सगळं संपल्यावर ती स्वतः उठायची. पायांची अढी, अंग पुढे, आणि उभी. काकूनं आधीचा सगळा व्यायाम सोडला आणि तेवढंच मागेपुढे करून पाहत बसली. मग पोट पुण्याकडून घेतलं, मांड्या दिल्लीकडून, आणि उठणं या बाईकडून.

घरात अकरावीतली पुतणी, अदिती. हिला नकलांचा नाद. काकू पलंग धरून कशी उठते, "आई वो, बाप्पा वो," ते ती रोज जेवताना करून दाखवायची.

"लाव पैज," एक दिवस काकू म्हणाली. "रोडग्यांत उठताना हात टेकला तर पूर्ण पंगतीसमोर माही नक्कल कर. नाही टेकला, तर त्याच्या पुढच्या रोडग्यांपर्यंत माहा आवाज काढायचा नाही."

पौष आला. किसनराव लाल खुर्ची घेऊन धावले.

"पार्बताबाईले द्या, पाय ठेवायले," म्हणत काकू पंगतीत बसली.

अदितीनं आधीच वाढप्यांना गाठून ठेवलं होतं. काकूले सोडू नका, पोट जड करा. त्यांनी सोडलं नाही. शपथा झाल्या, हात जोडणं झालं, किसनरावांनी स्वतः तुपाचं भांडं उपडं केलं. काकू नाही नाही म्हणत खात होती आणि चेहरा असा, जणू तिचंच लग्न लागून राहिलं आहे. आपण तिला पाडतोय की जेवू घालतोय, हे अदितीला जरा उशिरा कळलं.

पंगत उठली. काकूनं अढी घातली, पुढे झुकली आणि मागं बसली. अदितीनं घसा साफ केला. काकूनं उष्टी पत्रावळ दोन्ही हातांत घेतली, म्हणजे टेकायला हातच उरला नाही. सूं केलं, पुढे झुकली, आणि उभी.

पार्बताबाईनं खुर्चीवरून विचारलं, "कशी उठली वो?"

"ब्यूटिफुल," काकू म्हणाली, थेट त्या परदेशी बाईच्या आवाजात.

पैज अदिती हरली. काकूचा आवाज काढायचा नाही, असं ठरलं होतं. लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. अदितीनं, म्हणजे मीच, काकांना विचारून घेतलं. वकिलांचं म्हणणं, केस मजबूत आहे.