हरलं की दुसऱ्याच्या हातात

नागपूरच्या विमानतळावर, आत जायच्या दारापाशी, मयूने पिशवीतून आमचं व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. सीताबर्डीच्या बाजारातून दोघांनी मिळून घेतलेलं, सेकंडहँड, काचेच्या कोपऱ्याला तडा गेलेला. मी नको म्हणालो.

"घेऊन जाय न दादा. मी एकटी खेळून राहिली, त हारल्यावर देऊ कोणाले?"

आमचा नियमच तसा होता. यंत्र एक, खेळणारे दोन. हरलं की दुसऱ्याच्या हातात द्यायचं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बाबा ऑपरेटर होते. दोरीवरचे कपडे राख झटकल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत अशी ती कॉलनी. तिथल्या क्वार्टरच्या पायरीवर आम्ही बहीणभाऊ बसायचो. मी दहा मिनिटांत हरायचो. मयू माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तिच्या हातात यंत्र गेलं की तासभर परत यायचं नाही. मी शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे" असा फुकटचा ओरडायचो. "पाहत राह्य, शिकशील," ती म्हणायची. मोठा भाऊ असून ऐकून घ्यावं लागायचं, कारण ते खरंच होतं.

"शिकायले जाऊन राहिला न गा? मंग डोळे काहून पुसून राहिला?" बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते. आई आली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली होती. घरून निघताना बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायला तिने मला लावलं आणि उजवा हात माझ्या डोक्यावर किती तरी वेळ ठेवला.

याच्या आधीचं लिहायला मी अकरा वर्षं टाळाटाळ केली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन पत्रं आली होती. माझं पोलंडहून, मास्टर्सच्या प्रवेशाचं. मयूचं पुण्याहून, गेम डिझाइनच्या प्रवेशाचं. दोन्ही पोरांनी शिकायचंच, हे बाबांनी आयुष्यभर घोकलेलं. पण आईला उठवणं, बसवणं, कूस बदलणं आणि त्यांची शिफ्ट, हे जमेना. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि मला म्हणाले, "तू मोठा आहे. तूच सांग, काय करायचं."

मी म्हणालो, "मयूचं पुढच्या वर्षी पाहू."

मयू पोळ्या लाटत होती. "बरं," ती म्हणाली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. मी थांबतो, असं मला म्हणता आलं असतं. एक वर्ष तरी. निदान बाई ठेवू, मी तिकडून पाठवीन, असं तरी. यातलं काहीच माझ्या तोंडून आलं नाही, कारण माझा व्हिसा आला होता आणि मला जायचं होतं. पुढच्या वर्षी तिच्या प्रवेशाचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

वॉर्सात मला नोकरी लागली ती नेमकी खेळांच्याच कंपनीत. माझं काम ऐकून नागपुरातले, बेसा-मनीषनगरचे नातेवाईक अजून हसतात. मोठ्या टीव्हीसाठी बनवलेला अवाढव्य खेळ हातातल्या यंत्रावर चालेल असा करून द्यायचा. त्याला आम्ही पोर्टिंग म्हणतो. या खेळांवर पाण्यासारखा पैसा ओतलेला असतो आणि लोकांना ते तसेच्या तसे तळहातावर हवे असतात. तसेच्या तसे ते मावत नाहीत. यंत्र तापतं, बॅटरी बसते. मग आम्ही काढत जातो, सावल्या, झाडांची पानं, लांबची माणसं. खेळणाऱ्याच्या लक्षात न येता काय काढता येईल हे ओळखण्यात मी हुशार समजला जातो. घराच्या बाबतीतही मी तेच केलं. रोजचा फोन रविवारवर आणला, आणि रविवारीही "खेळाचं नवं बिल्ड द्यायचंय, नंतर बोलतो" म्हणू लागलो.

आमच्या मीटिंगमध्ये ठरलेलं असे की असलं यंत्र घेणारा माणूस फिरता असतो, विमानात खेळतो, ट्रेनमध्ये खेळतो. लोकांचे अभिप्राय वाचणं माझ्याकडे आलं तेव्हा मला वेगळीच माणसं भेटली. मांडीवर लेकरू झोपलंय आणि दोन अंगठे तेवढे मोकळे आहेत, अशी एक आई. केबिन सोडता न येणारा एक वॉचमन. वडिलांच्या खाटेपाशी महिनोन्‌महिने बसलेली एक मुलगी. हे कुठेही निघालेले नव्हते. यांना जागेवरून उठता येत नव्हतं, म्हणून एवढा मोठा खेळ त्यांना हातात हवा होता. त्या मुलीचं लिहिलेलं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि उगाच पाणी प्यायला उठलो.

आमच्या नव्या खेळाची हातातली आवृत्ती आली तसं मी एक यंत्र मयूला पाठवलं. स्वतः गेलो या हिवाळ्यात. बाबा निवृत्त होऊन आता नागपुरात, बेसाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मयू घरूनच एका कोचिंग क्लासच्या नोट्स टाइप करते. आईच्या पलंगाला पाठ टेकून ती खेळत होती, आवाज बंद करून, कारण तलवारीच्या आवाजाने आई दचकते.

"दादा, खेळातल्या त्या बाजारातले माणसं तू कमी केले न?"

मी चाट पडलो. त्या बाजाराचा मला अभिमान होता. एकाही समीक्षकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. "तुला कसं कळलं?"

"बाप्पा! एवढा मोठा बाजार अन् भाजीवालीपाशी एक गिऱ्हाईक नाही? माणसं ठेवायचे होते. तो मागचा पहाड काढायचा. तिकडं कोण पाह्यते?"

त्या पहाडाने यंत्रावर किती ओझं टाकलंय हे आमच्या टीमला तीन आठवड्यांनी सापडलं होतं, तेही खेळ विक्रीला आल्यावर. मयूने ते आईच्या पायांना तेल लावता लावता सांगितलं.

मग ती म्हणाली, "पूरा खेळ संपवला मी. शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात न, ते सारे पाह्यले. तुहं नाव आलं तसं थांबवलं अन् आईले दाखवलं. तिनं बोट ठेवलं त्याच्यावर." अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "मी गेली असती पुण्याले, त कुठीसा आलं असतं माहं नाव?"

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझ्या वर," मी म्हणालो.

तिने मान हलवली. एखादी गोष्ट आपल्याला माहीतच होती, फक्त दुसऱ्याकडून ऐकायची राहिली होती, तशी. मग आईची कूस बदलायची वेळ झाली म्हणून ती उठली. मी मदतीला पुढे झालो तर मला हात कुठे धरायचा हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिने माझा हात बाजूला केला आणि एकटीने आईला वळवलं.

माझ्यासारखे घर सोडून गेलेले जे असतील, त्यांना घराची आठवण आली की रडू येतं असं म्हणतात. मला लाज वाटते. घर आपल्या जागी आहे, आई आहे, बाबा आहेत, माझ्यासाठी अंथरूणही घातलेलं असतं. पण ते सगळं मयूच्या आयुष्यावर उभं आहे, आणि तिला तिथे बसवून मी निघालो होतो, हे आता तिने माझ्या तोंडून ऐकलंही आहे.