मायाक्काच्या गाण्यातली रिकामी जागा

पहाटे पाचला रत्नागिरीच्या स्टँडवर सोलापूरची एसटी लागली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "गाणं ऐकायला कुणी एवढ्या लांब जातं का?"

"चादर आणायला चाललेय असं समजा," मी म्हणाले.

त्यावर ते "हं" म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली निम्मी उत्तरं मला या एका अक्षरातच मिळाली आहेत.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. पर्जन्यछायेचा प्रदेश आयुष्यभर फळ्यावर काढला, प्रत्यक्ष पाहायचा राहून गेला होता. पण खरं निमित्त होतं माझी भाची शलाका. ती सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करते. तिच्या कंपनीत माल तपासणीला असलेली मायाक्का नावाची मुलगी सोल गाते. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधल्या प्रार्थनेतून घडवलेलं, पोटातून म्हणायचं गाणं. ही पोरगी ते मराठीत गाते. शलाकाने तिचं एक गाणं फोनवर पाठवलं आणि मी ते स्वयंपाक करताना इतक्यांदा ऐकलं की दोनदा भात करपला. रविवारी सोलापुरात तिचा कार्यक्रम होता. मायाक्काने फोनवर सांगितलं, "मावशी, तुमची गाडी मंगळवेढ्यावरनंच येती. तितंच उतरा. शनिवारी मी घरी असते. हुरडा खाऊ आणि संध्याकाळी मिळून सोलापूरला जाऊ की."

आंबा घाट चढला, कोल्हापूर-सांगलीचा ऊस मागे पडला आणि मग झाडं एकेक करून कमी होत गेली. शेवटी मी कंडक्टरला विचारलंच, "इथली झाडं कुठे गेली हो?"

"झाडं न्हाईत म्हनून तर एवढं लांबचं दिसतंय की," तो म्हणाला. आम्हा कोकणातल्या माणसांना हा विचार कधी सुचला नसता.

मंगळवेढ्याला उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मायाक्का स्कूटर घेऊन आली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सडसडीत, आणि आवाज असा की स्टँडवरची दोन माणसं वळून बघायला लागली. तिच्या मागे बसून मी काळ्या रानातून निघाले. दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर ज्वारी.

तिचं घर माळाच्या कडेला. तिच्या आईने आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवली होती. कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची, भाजली की गरम गरम हातावर चोळायची, आणि दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मी हौसेने पहिलं कणीस स्वतः चोळायला घेतलं आणि "आई गं" म्हणून ते थेट कुत्र्याच्या अंगावर टाकलं. कुत्र्याची माझ्याशी तिथेच दोस्ती झाली.

"तुमी फकस्त खावा बाई," आई हसून म्हणाली. मग धुराने पाणावलेले डोळे पुसत तिने हळूच विचारलं, "कशी गाती वो आमची माया?"

"अहो, फार सुंदर," मी म्हणाले आणि मोठ्या उत्साहाने तिला सोलची सगळी माहिती दिली. ती मान हलवत ऐकत राहिली.

तेवढ्यात मेंढरं वळवून मायाक्काचे वडील आले. खांद्यावर घोंगडी, कपाळाला भंडारा. त्यांना सगळे म्हाळाप्पा म्हणतात, ही आप्पा म्हणते. आप्पा धनगरी ओव्यांच्या मेळात तीस वर्षं झीलकरी आहेत. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून लांबवत नेणं म्हणजे झील, आणि ती धरणारा तो झीलकरी. मी विचारलं, "उद्या येणार ना कार्यक्रमाला?"

"बगू. मेंढरं हायत," ते म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

मायाक्काचा चेहरा उतरला. आम्ही दोघी बांधावर जाऊन बसलो. मी तिला विचारलं, या माळावर तिला सोल कुठून सापडलं?

"कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मैत्रिणीनं फोनवर ऐकवलं. एक काळी बाई गात होती. ती ओळ टाकायची आणि मागच्या बाया उचलायच्या. मला वाटलं, ही तर आमची झील! भाषा कळत नव्हती, तरी मला रडू आलं." थोडं थांबून ती म्हणाली, "तवापासनं एक ठरवलंय मावशी. जे मी जगले न्हाई ते गायचं न्हाई. पाण्याची घागर, कंपनीचा भोंगा, मेंढरू हरवल्यावरची हाक, एवढंच माझ्याकडं हाय. वरातीत गायला लई बोलावतात. मी जात न्हाई."

"आणि पुढे काय व्हावं असं वाटतं?"

मला वाटलं, मुंबई म्हणेल, परदेश म्हणेल. ती आप्पा गेले त्या दिशेला बघत म्हणाली, "आप्पांनी एकदा माझ्या गाण्याला झील धरावी. दोन कार्यक्रमांना आले. हाताची घडी घालून बसले आणि एक शब्द न बोलता उठून गेले. त्यांना लाज वाटत असंल माझी. कुणाचं म्हणून गाते मी हे? तेच जर माझं न्हाई म्हणाले, तर कशाला गायचं?"

एवढ्या मोठ्या आवाजाची मुलगी हे इतक्या बारीक आवाजात बोलली की ऐकायला मला पुढे सरकावं लागलं.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही सोलापूरला गेलो. मी शलाकाच्या खोलीवर उतरले. सकाळी तिने कडक भाकरी पुढे ठेवली. तिचा पहिला तुकडा मोडताना माझी कवळी मोडली की काय असं शेजारणीला वाटलं. दुपारी चारला आम्ही पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, पोचलो. कार्यक्रम नरसय्यामामांच्या कारखान्यात होता. यंत्रमागाच्या शेडला इथे कारखानाच म्हणतात. सुट्टीचा दिवस म्हणून माग गप्प होते. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या मामांनी नव्या चादरी जमिनीवर अंथरल्या होत्या. "कूर्चोंडी अम्मा (बसा), चादर आपलीच आहे," ते म्हणाले. शेजारच्या गल्लीतल्या बाया, कंपनीतली पोरं, अशी चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली.

मायाक्काबरोबर वादक नव्हते. होता एक जुना लॅपटॉप. त्याच्यात ढोल, पेटी आणि मागे गाणाऱ्या दोन मैत्रिणींचे आवाज भरलेले. त्या मैत्रिणी लग्न होऊन एक वैरागला, एक अक्कलकोटला गेली. आवाज मात्र माहेरीच राहिले होते.

पहिलं गाणं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दारातून घोंगडी आत आली. आप्पा! ते शेवटच्या मागाला टेकून बसले आणि त्यांनी हाताची घडी घातली. मायाक्काने ते पाहिलं. तिचा आवाज जरा कापला.

आता माझं पाप सांगते. पुढचं गाणं मला फोनवर टिपून घ्यायचं होतं आणि फोन मान टाकत होता. मागाच्या आडोशाला विजेचा बोर्ड दिसला. दोन्ही जागा भरलेल्या. एक वायर पंख्याची असणार असं समजून मी ती उपटली आणि माझा चार्जर खोचला. पंखा फिरतच राहिला. गाणं बंद पडलं. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती, हे मला कुठे ठाऊक!

मायाक्का नेमकी एका ओळीच्या शेवटी होती.

"भोंगा झाला गं, ऊठ गं माये, वाट बघतंय ऊन..."

इथे मैत्रिणींनी उचलायचं. त्या नव्हत्या. शेडमध्ये नुसता पंखा फिरत होता. मायाक्का लॅपटॉपकडे बघत राहिली. मी हातात वायर धरून, तोंड उघडं टाकून उभी.

आणि मागून आवाज आला.

"बघतंय ऊऊन... जी..."

हाताची घडी सुटली होती. एक हात कानावर गेला होता. आप्पांनी ते 'ऊन' असं काही लांबवलं की मामांच्या पत्र्याला कंप सुटला. मायाक्काने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग काढलं आणि पुढची ओळ टाकली. आप्पांनी तीही उचलली. तिसऱ्या ओळीला बाया धरू लागल्या, चौथीला मीसुद्धा. घरी मला गाऊ देत नाहीत. तिथे कुणी अडवलं नाही. मी रडत होते आणि बेसूर गात होते.

गाणं संपल्यावर मायाक्का धावत जाऊन आप्पांसमोर बसली. "आप्पा, आजवर झील का न्हाई धरली?"

आप्पा गोंधळले. "कुटं धरू? तुज्या त्या डब्यात बाया आदीच गात हुत्या. जागाच न्हवती. न बोलावता मधी घुसंल तो झीलकरी कसला?"

"मला वाटलं, तुमाला लाज वाटती."

"येडी का काय तू? मी पैल्या दिसापासनं वाट बगतोय की."

मी पुढे होऊन वायरीची कबुली दिली. सगळे हसले. आप्पा म्हणाले, "बाई, पुढल्या बारीला बी या. वायर काडायला कुनीतरी पायजेच."

सोमवारी चादर घेऊन परतीच्या गाडीत बसले. वाटभर एकच गोष्ट मनात येत होती. बत्तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारला आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच दिलं. घरीही वेगळं काय केलं?

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. मग मुद्दाम गप्प बसले. फार जड गेलं, पण बसले.

बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मग त्या दिवशी मेंढरांकडे कोण होतं?"

माझा घास हातातच राहिला. मायाक्काची आई. तिनेच मला विचारलं होतं, कशी गाती. मुलीचा एकही कार्यक्रम तिने ऐकलेला नव्हता, आणि मी तिला माहिती सांगत बसले होते. त्या अख्ख्या आनंदात आमच्यापैकी एकालाही तिची आठवण झाली नव्हती. मी तिथल्या तिथे मायाक्काला फोन लावला आणि ह्यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आई म्हणायची, मला काय कळतंय गाण्यातलं. मी ते खरं धरून बसले, मावशी."

शनिवारी दुपारी तिचाच फोन आला. "बोलू नका, नुसतं ऐका," म्हणाली. मी फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. आधी वारा ऐकू आला, मेंढरं ऐकू आली. मग भोंग्याचं गाणं. ओळ मायाक्काची, झील आप्पांची. आणि तिसऱ्या ओळीनंतर त्या झिलीखाली आणखी एक आवाज आला. बारीक, लाजरा, जरासा मागे राहिलेला.

फोन बंद झाला.

"आपल्याकडे अजून एक चादर कमी पडते," हे म्हणाले.

मी उठले आणि एसटीचं वेळापत्रक शोधायला लागले.