जागा बदलणारा रोग

पनवेलच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला तो म्हातारा सारखा टोपी काढायचा, गुडघ्यावर तिची घडी घालायचा आणि पुन्हा डोक्यावर चढवायचा. त्याच्या बायकोच्या कॅन्सरबद्दल डॉक्टर ‘मेटास्टॅसिस’ म्हणाले होते. मी मास्तर आहे हे कळल्यावर त्याने मलाच अर्थ विचारला.

“मूळ ग्रीक शब्द आहे. जागा बदलणं,” मी म्हणालो.

“नवीन पनवेल झालं तवा आमी पन जागा बदलली. मागं कायच उरलं नाय. मंग ह्यो रोग पन गेला ना तिथून?”

हा रोग तर जुनी जागा न सोडताच अंगभर नव्या जागा घेतो. त्याला जागा बदलणं का म्हणतात, हे मलाच कळेना.

तोवर तो समोरच्या बाकावर बायकोपाशी पोचला होता. “गेला गो तिथून! मास्तर सांगतात.”

तिने पदर सावरला आणि मला हात जोडले.