लालबागचा रायगड आणि खरा महादरवाजा

आमच्या लालबागच्या चाळीत दर दिवाळीला मातीचा रायगड होतो. बाबा त्याचे मुकादम. धनत्रयोदशीला घरटी एक पणती त्याच्या दारात लागते. आता चाळ पाडून टॉवर होणार, म्हणजे ही शेवटची दिवाळी. बाबा म्हणाले, "शेवटचा तरी खरा बघून करू दे गं." सत्तरी उलटली, आयुष्यभर रायगड बांधले, पण खरा एकदाही पाहिला नव्हता! मी लगेच गाडी सांगितली.

पहाटे निघालो, गोवा रस्त्याला यथेच्छ नावं ठेवली आणि माणगावात मिसळ खाल्ली. गुडघे कुरकुरत असतील तर रोपवेच घ्या, मात्र सुट्टीच्या दिवशी रांग मारुतीच्या शेपटासारखी असते. वर बाजारपेठेचे उंच चौथरे, राजसदर, नगारखाना. बाबा प्रत्येक दगडाला हात लावून बघत होते. महादरवाजा मात्र बराच खाली.

"बाबा, गुडघा?"

"गुडघा माझा आहे. तू पाणी घे."

पायऱ्या उतरताना माझाच जीव खालीवर होत होता. दरवाज्यातून बाहेर पडलो, थोडं उतरून मागे वळलो, तर दार गायब! दोन प्रचंड बुरूज असे पुढेमागे, की वाट त्यांच्या कुशीत वळते आणि तोफेचा गोळा दाराला थेट लागतच नाही.

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, आम्ही कायम दार समोर लावत आलो! मधोमध, वर झेंडूचं तोरण!"

वाटेवर बसलेल्या ताकवाल्या मावशी हसल्या. "म्हंजी तुमच्या गडावर कुनीबी आत?"

"कुणीबी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार माया आली, पण मी नुसता ताकाचा पेला पुढे केला. मग बसत-उठत पुन्हा वर आलो. शेवटचा रोपवे जेमतेम मिळाला.

दिवाळीआधी बाबांनी चाळीतल्या गडाचे बुरूज हुबेहूब केले आणि दार आत दडवलं. धनत्रयोदशीला शेजारची सुमन पणती घेऊन आली आणि घुटमळली.

"काका, दार कुठाय? ही ठेवू कुठे?"

बाबा तिच्या पणतीकडे बघत राहिले. मग वाकले आणि पुढचा बुरूज दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला.

"तू काय शत्रू आहेस? ठेव इथं."

त्या संध्याकाळी दारात पणत्यांना जागा पुरेना. चाळ आधीच सोडून गेलेलेही आले होते.